पाषाणाचीं घराणीं : झिंबाब्वेची शोना शिल्पकला

परंपरा म्हटली कीं प्रथम तिचें वय विचारावयाचें, ही आपल्या लोकांची जुनी खोड आहे. जें पुरातन तें पूज्य आणि जें कालपरवां जन्मास आलें तें हलकें, असा हिशेब आपल्या मनांत नकळत मांडलेला असतो. गाण्याचें घराणें असो, पाठशाळा असो, कीं घरांतील एखादा कुळाचार असो, तो किती पिढ्यांचा हें कळल्यावांचून आपण त्यास पुरता मान देत नाहीं. हा हिशेब सर्वत्र खरा उतरतोच असें नाहीं, हें दाखविणारी एक हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ती आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील झिंबाब्वे या देशाची आहे.

या देशांतील पाषाणशिल्पें ‘शोना शिल्प’ या नांवानें जगभर नांवाजलीं गेलीं आहेत. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील मोठमोठ्या संस्थांनीं त्यांचीं प्रदर्शनें भरविलीं आणि अनेक धनिकांनीं तीं आपल्या बागांतून मांडलीं. त्यांची ओळख करून देतांना ‘शोना लोकांची प्राचीन शिल्पपरंपरा’ असे शब्द वारंवार वापरले जातात. वस्तुस्थिति अशी कीं ही परंपरा प्राचीन नाहीं. तिचें वय सत्तर वर्षांच्या आंतबाहेर आहे. तरीही ती परंपराच आहे आणि अस्सल आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं आधीं थोडें मागें गेलें पाहिजे.

शोना हें झिंबाब्वेंतील बहुसंख्य लोकांचें व त्यांच्या भाषेचें नांव. देशाचें नांवही याच भाषेंतून आलें असून त्याचा अर्थ ‘दगडी घरें’ असा सांगतात. मास्विंगो या गांवाजवळ ‘ग्रेट झिंबाब्वे’ म्हणून एका राजधानीचे अवशेष उभे आहेत. इसवी सनाच्या अकराव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत तेथें ग्रॅनाइटच्या घडीव चिऱ्यांच्या भिंती उभारल्या गेल्या. चुना नाहीं, माती नाहीं. चिऱ्यावर चिरा नुसता बसविलेला. तेथील मोठ्या वाड्याच्या भिंतीचा घेर सुमारें २५० मीटर असून ती कांहीं ठिकाणीं ११ मीटर उंच आहे. तेथें झालेल्या उत्खननांत चिनी भांड्यांच्या खापऱ्या आणि हिंदुस्थानांतून गेलेले कांचेचे मणी सांपडले. आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेस जाणाऱ्या गलबतांचा माल समुद्रापासून इतक्या दूर आंत पोंचत होता, हें या मण्यांवरून कळतें.

याच अवशेषांत शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडांत कोरलेले आठ पक्षी मिळाले. उंच दगडी खांबांच्या माथ्यावर बसलेले हे पक्षी गरुडाच्या कुळांतील वाटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या शिकाऱ्यांनीं व संशोधकांनीं ते उचलून नेले. एक तर सेसिल ऱ्होड्स यानें विकत घेऊन आपल्या केपटाऊनच्या घरांत ठेवला. देश स्वतंत्र झाल्यानंतर १९८१ सालीं दक्षिण आफ्रिकेनें आपल्या संग्रहालयांतील पक्षी परत केले, आणि २००३ सालीं जर्मनींतून एका पक्ष्याच्या खांबाचा तुटलेला भाग परत आला. आज हा पक्षी झिंबाब्वेच्या निशाणावर आहे.

येथें एका अन्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याशीं निगडित आहे. हे भव्य अवशेष पाहून युरोपियनांनीं काय म्हणावें? हें काम फिनीशियनांचें असेल, शेबाच्या राणीचें असेल, अरबांचें असेल. आफ्रिकन माणसाचें मात्र नव्हे! डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर या संशोधकानें १९०५ सालीं आणि गर्ट्रूड केटन-टॉमसन या विदुषीनें १९२९ सालीं प्रत्यक्ष उत्खनन करून हें काम आफ्रिकन लोकांचेंच असल्याचें दाखवून दिलें. तरीही ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राजवटीस हें सत्य गैरसोयीचें होतें, आणि १९८० सालीं स्वातंत्र्य येईपर्यंत जुन्या कल्पित कथा तेथें मरूं दिल्या गेल्या नाहींत. ज्या लोकांनीं भिंती बांधल्या त्यांच्याच नातवंडांस ‘हें तुमचें नव्हे’ असें सांगितलें जात होतें.

आतां आजच्या शिल्पांकडे वळूं. ग्रेट झिंबाब्वेचे पक्षी आणि आजचीं शिल्पें यांच्यामध्यें सुमारें पांच शतकांची दरी आहे. या मधल्या काळांत शोना लोक लांकूड कोरीत. डोकें टेकण्याच्या बैठ्या उश्या, चौरंग, नगारे, सुऱ्यांचीं म्यानें अशा वस्तु ते सुबक करीत आणि बायका मातीचीं भांडीं घडवीत. परंतु दगडाची मूर्ति घडविण्याची विद्या बापाकडून मुलाकडे अखंड आली, असें कोणास दाखवितां येणार नाहीं.

ती विद्या पुन्हां कशी जन्मास आली? पूर्वेकडील डोंगराळ न्यांगा भागांत जोराम मारिगा नांवाचे एक गृहस्थ सरकारी शेतकीखात्यांत नोकरीस होते. त्यांचा जन्म १९२७ चा. घरांत वडील व भाऊ लांकूड कोरणारे आणि आई कुंभारकाम करणारी, असा त्यांचा वारसा होता. इसवी सन १९५०–६० या दशकाच्या उत्तरार्धांत एका रस्त्याचें काम चाललें असतां त्यांना हिरवट रंगाचा मऊ दगड दिसला. त्यांनीं तो हातीं घेऊन कोरून पाहिला. प्रथम लहानसहान वस्तु झाल्या, मग माणसांचीं व प्राण्यांचीं रूपें आलीं. फावल्या वेळांत चाललेलें हें काम पाहण्यास शेजारचे तरुण जमूं लागले. मारिगा यांनीं विद्या झांकून ठेवली नाहीं. जो येईल त्याच्या हातीं त्यांनीं टांकी दिली. त्यांत त्यांचे भाचे जॉन ताकाविरा हेही होते.

इकडे राजधानी सॉल्सबरी, म्हणजे आजचें हरारे, येथें १९५७ सालीं एक राष्ट्रीय कलादालन उघडलें. त्याचे पहिले संचालक फ्रँक मॅक्यूएन हे इंग्रज गृहस्थ पॅरिसमध्यें बरींच वर्षें राहिलेले, तेथील आधुनिक चित्रकारांच्या सहवासांत वाढलेले. युरोपियन चित्रें आणून भिंतीवर टांगावीं, एवढीच अपेक्षा त्यांच्याकडून होती. त्यांनीं दालनाच्या पहारेकऱ्यांच्या हातीं रंग दिले आणि ‘मनांत असेल तें काढा’ असें सांगितलें. हळूहळू तेथें एक कार्यशाळा उभी राहिली आणि चित्रें मागें पडून शिल्पें पुढें आलीं. कोणी पहारेकरी, कोणी पोलीस, कोणी शेतमजूर असे लोक तेथें शिल्पकार झाले. मारिगा यांचें काम मॅक्यूएन यांच्या दृष्टीस पडलें तें १९६० नंतर लौकरच; म्हणजे पहिली टांकी त्यापूर्वींच चाललेली होती, हें ध्यानांत ठेवावें.

मॅक्यूएन यांचें ऋण मोठें आहे. वर्णद्वेषाच्या राज्यांत काळ्या माणसाच्या हातास त्यांनीं मान मिळवून दिला. १९७१ सालीं पॅरिसच्या रोदँ संग्रहालयांत आणि १९७२ सालीं लंडनमध्यें या शिल्पांचें प्रदर्शन झालें, तें त्यांच्याच खटपटीनें. राज्यकर्त्यांशीं न पटल्यामुळें १९७३ सालीं त्यांनीं पद सोडलें. ‘मी कोणास शिकवीत नाहीं, यांच्या अंगींचें सुप्त तेंच वर येतें’ अशा आशयाचें ते नेहमीं सांगत. परंतु कोणतें शिल्प दालनांत ठेवावयाचें व कोणतें नाकारावयाचें हें तेच ठरवीत. आणि निवड हाही शिकविण्याचाच एक प्रकार आहे, हें कोणताही शिक्षक कबूल करील.

या शिल्पांचे विषय समजण्यास शोना लोकांच्या धर्मसमजुती थोड्या ठाऊक असाव्या लागतात. त्यांचा परमेश्वर म्वारी. तो इतका दूर आणि इतका थोर, कीं माणसानें आपलीं क्षुद्र गाऱ्हाणीं थेट त्याच्या कानीं घालावयाचीं नाहींत. तीं पितरांमार्फत पोंचवावयाचीं. पितरांस ते ‘वाद्झिमु’ म्हणतात. माणूस गेल्यावर साधारण वर्षभरानें विधि करून त्याच्या आत्म्यास घरीं परत आणतात, आणि मग तो कुटुंबाचा राखणदार होतो. प्रत्येक कुळाचें एक चिन्ह असतें, त्यास ‘मुतुपो’ म्हणतात. सिंह, माकड, मत्स्यगरुड अशीं हीं चिन्हें असतात. आपल्या मुतुपोच्या प्राण्याचें मांस खावयाचें नाहीं आणि एकाच मुतुपोच्या वधूवरांनीं लग्न करावयाचें नाहीं, असे नियम आहेत. गोत्राचा विचार करणाऱ्या आमच्या वाचकांस ते समजण्यास अडचण पडूं नये. म्हणूनच या शिल्पांत माणसाचा पक्षी होतांना दिसतो, एका चेहऱ्याच्या पाठीमागून दुसरा चेहरा डोकावतो, आई, मूल आणि आजी एकाच दगडांत गुंफलेलीं असतात. डोकें धडाच्या मानानें फार मोठें आणि डोळे टपोरे असतात. हें अज्ञान नव्हे. मस्तक हें माणसांतील चैतन्याचें स्थान, म्हणून तें मोठें.

दगडाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. झिंबाब्वेच्या मधोमध ‘ग्रेट डाइक’ नांवाची खडकांची एक लांबच लांब रांग गेली आहे. लांबी सुमारें ५५० किलोमीटर, वय सुमारें अडीचशे कोटी वर्षें. शिल्पांस लागणारा सर्पेंटाइन जातीचा बराचसा दगड या रांगेच्या आश्रयानें मिळतो. त्यांत काळा, कठीण ‘स्प्रिंगस्टोन’ आहे, दुधी-हिरवा ‘ओपलस्टोन’ आहे, आणि ठिपक्याठिपक्यांचेही कांहीं प्रकार आहेत. पहारी आणि हातोडे घेऊन माणसें तो हातांनीं काढतात. शिल्पकार बहुधा कागदावर रेखाटन करीत नाहीं किंवा मातीचा नमुनाही करीत नाहीं. दगडाभोंवतीं फिरावें, त्याचा आकार न्याहाळावा, आणि मग थेट टांकी लावावी, अशी रीत आहे. दगडाच्या आंत जें आहे तें आपण केवळ मोकळें करतों, असें कित्येक शिल्पकार सांगतात.

प्रथम अणकुचीदार टांकीनें ओबडधोबड आकार निघतो, मग दातेरी टांकी, मग कानस. त्यानंतर पाणी घालून घासकागदानें घासणें सुरू होतें. जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत हें काम कित्येक दिवस चालतें आणि त्यांत घरचीं बायकामुलेंही हात लावतात. एवढें होऊनही दगड राखेसारखा फिकट दिसतो. शेवटीं त्यास विस्तवानें तापवितात आणि तापलेल्या अंगावर मेण चोळतात. मेण वितळून आंत जिरतें, आणि पाहतां पाहतां तो राखी दगड काजळासारखा काळाभोर होतो. जेथें मेण लावावयाचें नाहीं तेथें तो राखी किंवा मातकटच राहूं देतात. त्या भागाचा केसांसाठीं, लुगड्यासाठीं, पदरासाठीं मोठ्या खुबीनें उपयोग करून घेतात.

आतां ‘शोना’ या नांवाचा विचार करूं. हरारेच्या उत्तरेस सुमारें १५० किलोमीटरांवर, गुरुवे भागांत, टेंगेनेंगे म्हणून शिल्पकारांचें एक गांव आहे. तेथें टॉम ब्लोमफील्ड या गोऱ्या शेतकऱ्याचा तंबाखूचा मळा होता. १९६५ सालीं ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारनें एकतर्फी स्वातंत्र्य पुकारलें, त्यामुळें इतर राष्ट्रांनीं त्या देशाच्या मालावर बहिष्कार घातला आणि तंबाखूचा बाजार बसला. मजुरांस काम काय द्यावें, ही विवंचना पडली. तेव्हां १९६६ सालीं क्रिस्पेन चाकान्यूका हा शिल्पकार तेथें आला. मळ्याच्या डोंगरांत उत्तम दगड आहे हें त्यानें दाखविलें आणि कोरण्याची सुरुवातही करून दिली. हा चाकान्यूका कोणाचा शिष्य? जोराम मारिगा यांचा! दिव्यानें दिवा लागतो तो असा.

टेंगेनेंगेस जमलेले मजूर सर्वच शोना नव्हते. मलावी, मोझांबिक, अंगोला, झांबिया येथून पोटासाठीं आलेलीं माणसें तेथें होतीं; त्यांची भाषा निराळी, देव निराळे, मुखवट्यांचीं नृत्यें निराळीं. अगदीं सुरुवातीच्या शिल्पकारांपैकीं लेमन मोझेस हे मलावीचे. मिचकावलेल्या बारीक डोळ्यांचे हंसरे चेहरे घडविणारे फानिझानी अकुडा हे झांबियाचे. तेथेंच बर्नार्ड माटेमेरा यांच्यासारखा स्थानिक ट्रॅक्टरचालकही शिल्पकार झाला. त्यांच्या अवाढव्य, तीन बोटांच्या आकृति एकदां पाहिल्यावर विसरतां येत नाहींत. या माटेमेरा यांच्या कामास १९८६ सालीं आपल्या दिल्लीच्या त्रैवार्षिक प्रदर्शनांत ललित कला अकादमीचें पारितोषिक मिळालें होतें. या सर्वांस सरसकट ‘शोना’ म्हणणें म्हणजे मुंबईंतील साऱ्या गिरणीकामगारांस एकाच जिल्ह्याचे ठरविण्यासारखें आहे.

हें नांव व ही प्राचीनता कोणी चिकटविली? बाहेरच्यांनीं. पुरातन वंशाची सुप्त स्मृति दगडांतून जागी होत आहे, ही कल्पना मॅक्यूएन यांस मनापासून पटलेली होती, आणि पॅरिस-लंडनच्या गिऱ्हाइकासही ती आवडली. तींत द्वेष नव्हता, प्रेम होतें. तरीही आमच्या मतें तींत एक सूक्ष्म अन्याय आहे. पूर्वींच्या गोऱ्यांनीं या लोकांचा भूतकाळ हिरावून घेतला: ‘या भिंती तुमच्या पूर्वजांनीं बांधल्या नाहींत.’ पुढच्यांनीं त्यांचा वर्तमानकाळ हिरावला: ‘हीं शिल्पें तुम्ही घडविलीं नाहींत, तुमच्या पूर्वजांनीं तुमच्या हातून घडविलीं.’ दोन्हीं ठिकाणीं उन्हांत बसून टांकी चालविणारा जिवंत माणूस बाजूला राहिला. पांढऱ्या देशांतील शिल्पकाराचें आपण नांव विचारतों. येथें जमातीचें नांव पुरेसें होतें! कित्येक उत्कृष्ट शिल्पें परदेशांतील घरांत ‘शोना’ एवढ्याच चिठीनें उभीं आहेत. कर्त्याचें नांव त्यांच्यापासून कायमचें तुटलें आहे.

मग ही परंपरा कशावरून? घराघरांत पाहावें. मारिगा यांनीं भाच्यास शिकविलें. जॉन ताकाविरा यांच्या पाठोपाठ बर्नार्ड आणि लाझारस हे त्यांचे धाकटे भाऊ शिल्पकार झाले. लाझारस यांनीं वर्षानुवर्षें स्त्रियांचे चेहरे कोरले आणि त्यांचें मूळ आपल्या आईच्या ठिकाणीं असल्याचें सांगितलें. निकोलस मुकोंबेरान्वा हे सेरिमा येथील मिशनशाळेंत लांकूडकाम शिकलेले. पोलिसांतील नोकरी संभाळून ते मॅक्यूएन यांच्या कार्यशाळेंत येत. पुढें नोकरी सोडून त्यांनीं संपूर्ण आयुष्य दगडास वाहिलें. त्यांचीं मुलें, मुली आणि पुतण्या नेस्बर्ट यांनीं त्यांच्याच अंगणांत धडे घेतले. २००२ सालीं ते निवर्तले. हातोड्याचा आवाज त्या घरांतून थांबला नाहीं.

न्यांगाच्या क्लॉड न्यान्होंगो यांची मुलगी ॲग्नेस लहानपणीं वडिलांच्या शिल्पांस घासकागद लावण्याचें काम करी. घासतां घासतां तिला दगड कळला. पुढें ती राजधानींतील कलादालनाच्या कार्यशाळेंत रीतसर शिकली आणि आज तिचें नांव वडिलांच्या नांवापेक्षांही दूरवर पोंचलें आहे. ‘दगड हें पुरुषाचें काम’ ही समजूत तिनें आणि तिच्या बरोबरीच्या कॉलीन मादामोंबे यांनीं मोडली. मादामोंबे यांच्या शिल्पांतील बायका ऐसपैस, ठसठशीत, घरसंसाराचा भार लीलया वाहणाऱ्या. चेहरा गुळगुळीत काळा, परिकराचा घेर टांकीच्या घावांनीं खडबडीत. पाहणाऱ्यास एखादी ओळखीची मावशीच उभी असल्याचा भास व्हावा! २००९ सालीं, वयाच्या पंचेचाळिशीच्या आंतबाहेर, त्या वारल्या.

परंपरेस जसे पाईक असतात तसे बंडखोरही असावे लागतात. तापफुमा गुत्सा यांनीं लंडनला जाऊन शिक्षण घेतलें आणि परत येऊन दगडाबरोबर लांकूड, शिंग, लोखंड, कागद यांचीही सांगड घातली. २०११ सालीं व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनांत झिंबाब्वेचें स्वतंत्र दालन प्रथमच उघडलें, तेव्हां त्यांत त्यांचें काम होतें. ज्या कलेविरुद्ध बंड करतां येतें ती जिवंत आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

या चित्रास काळी बाजूही आहे. यश आलें तसा बाजार आला. प्रवाशांच्या वाटेवर तेच हत्ती, तेच पाणघोडे, तींच आलिंगनें यांचे ढीग लागूं लागले. शतक पालटल्यावर देशाची आर्थिक घडी विसकटली, प्रवासी आटले, २००८ सालीं चलनाची किंमत इतकी घसरली कीं पुढल्याच वर्षीं तें वापरांतूनच गेलें. कित्येक शिल्पकार देश सोडून गेले आणि जे राहिले त्यांनीं पोटासाठीं जें खपेल तें कोरलें. त्यांस दोष देण्यास आमची जीभ वळत नाहीं. घरांत चूल पेटली पाहिजे, हें कोणत्याही कलेहून अगोदरचें सत्य आहे. दोष द्यावयाचाच तर तो नांव न विचारतां वस्तु उचलणाऱ्या गिऱ्हाइकास द्यावा.

म्हणून आमची वाचकांस एकच विनंति आहे. आज आपल्या पुष्कळ घरांतील मुलेंबाळें परदेशीं आहेत, आणि त्यांच्याबरोबर एखादें काळें, गुळगुळीत दगडी शिल्प घरीं येणें अशक्य नाहीं. तसें तें आलें, तर तें किती पुरातन, हें विचारूं नये. तळाशीं कोणाची सही आहे, तें पाहावें. सही असेल तर तें नांव लिहून ठेवावें, मुलांस सांगावें. परंपरा म्हणजे शतकांची मोजदाद नव्हे. एका हातानें दुसऱ्या हातांत टांकी ठेवणें म्हणजे परंपरा, आणि ती ठेवणाऱ्या प्रत्येक हातास स्वतःचें नांव असतें. न्यांगाच्या डोंगरांतील त्या शेतकीखात्याच्या नोकरानें आपल्या भाच्याच्या हातीं टांकी दिली, त्या दिवशीं ती सुरू झाली. आणखी पांचशें वर्षांनीं तिला प्राचीन म्हणणारे पुष्कळ निघतील. आपण ती तरुण असतांना पाहिली, यांतच आपलें भाग्य आहे.